दुष्काळात तेरावे प्रकरण

दिवाळे हा आपल्याकडे निव्वळ हिशेबाचा शब्द कधीच नव्हता. पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दिवा लावून बसे आणि त्यावरून ‘दिवाळे निघाले’ हा वाक्प्रचार रूढ झाला, असे जुनी माणसे सांगत. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, त्या दिव्याची लाज मात्र खरी होती. सोयरीक जुळवताना ज्या गोष्टी आडून आडून विचारल्या जात, त्यांत ‘त्यांच्या घरात कोणी हात वर केले होते का’ हीही एक असे. कर्ज बुडणे म्हणजे अब्रू बुडणे हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की, कर्जातून कायदेशीर सुटका मागता येते हीच गोष्ट पुष्कळांच्या गावी नसते.

अमेरिकेत हे चित्र वेगळे आहे. दिवाळखोरीचे कायदे साऱ्या देशासाठी एकसारखे असावेत आणि ते करण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला असावा, हे त्या देशाने १७८७ साली राज्यघटना लिहितानाच ठरवून टाकले. आज अमलात असलेली संहिता १९७८ सालची. तीत २००५ साली मोठी दुरुस्ती झाली. कायदा कडक होण्यापूर्वी सुटका करून घ्यावी म्हणून त्या एका वर्षात वीस लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले, यावरून या व्यवस्थेचा पसारा लक्षात यावा. प्रामाणिक पण दैवाने मार खाल्लेल्या कर्जदाराला आयुष्य पुन्हा सुरू करता यावे, हे या कायद्यामागचे सूत्र तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९३४ सालच्या एका गाजलेल्या निकालात मांडले आणि पुढे अनेकदा उच्चारले.

आज आपल्याकडच्या बहुतेक हाउसिंग सोसायट्यांत एखादे तरी घर असे निघते की, ज्याचा मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे. त्यांचे मोठे घर, दोन मोटारी, मुलांचे पोहण्याचे वर्ग यांची छायाचित्रे आपण पाहतो. त्या घरावरचे कर्ज, मोटारींचे हप्ते, क्रेडिट कार्डांची बाकी आणि नोकरी गेली तर विम्याचे काय, हे छायाचित्रात दिसत नाही. त्यामुळे या कायद्यातल्या एका विशिष्ट जागेविषयी मी आज लिहिणार आहे. दिवाळखोरीच्या एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाण्याची ती जागा आहे. तिथे वकील लागत नाही, न्यायाधीशाची परवानगीही लागत नाही. आणि माझ्या मते साऱ्या संहितेत सामान्य माणसाने सर्वांत जपून पाऊल टाकावे, अशी जागा नेमकी तीच आहे.

दोन वाटा

अमेरिकेच्या संहितेत प्रकरणे आहेत आणि दिवाळखोरीचे प्रकार त्या प्रकरणांच्या क्रमांकांनीच ओळखले जातात. सामान्य नोकरदाराच्या कामाची प्रकरणे मुख्यतः दोन : सातवे आणि तेरावे.

सातव्या प्रकरणात हिशेब एकदाच होतो. कर्जदार आपली सारी मालमत्ता आणि सारी देणी शपथेवर लिहून देतो. एक ट्रस्टी नेमला जातो. कायद्याने संरक्षण दिलेल्या वस्तू, म्हणजे घरातला ठराविक हिस्सा, ठराविक किमतीपर्यंतची मोटार, कपडेलत्ते, कामाची अवजारे, या कर्जदाराकडे राहतात. त्यावरचे काही असल्यास ट्रस्टी विकून धनकोंना वाटतो. पुष्कळशा प्रकरणांत विकण्याजोगे काही नसतेच. साधारण चार महिन्यांत उरलेली बहुतेक विनातारण देणी माफ होतात. पोटगी, मुलांच्या पालनपोषणाची रक्कम, काही कर आणि बहुतेक शैक्षणिक कर्जे मात्र माफ होत नाहीत. २००५ पासून या वाटेवर उत्पन्नाची चाळणीही लागली आहे.

तेरावे प्रकरण म्हणजे हप्त्यांची दिवाळखोरी. कर्जदार आपली मालमत्ता राखतो. पण तीन ते पाच वर्षे पगारातली ठरलेली रक्कम दरमहा ट्रस्टीकडे भरतो आणि ट्रस्टी ती धनकोंत वाटतो. घराचे थकलेले हप्ते या योजनेतून फेडता येतात, म्हणून घर वाचवू पाहणारे ही वाट धरतात. योजना पार पडली की उरलेल्या देण्यांतून सुटका होते.

कागदावर हे दोन्ही सरळ दिसते. पण पाच वर्षे हा संसारात फार मोठा काळ असतो. या काळात नोकरी जाते, आजारपण येते, नवरा-बायको वेगळी होतात, घराचे छप्पर गळू लागते. योजना मात्र पहिल्या महिन्यातल्या उत्पन्नावर बेतलेली असते. तेराव्या प्रकरणातल्या निम्म्याहून अधिक योजना शेवटापर्यंत पोचतच नाहीत, हे अमेरिकेतले अभ्यासक वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. दोन वर्षे हप्ते भरून तिसऱ्या वर्षी योजना मोडली आणि प्रकरण निकालात निघाले, की धनकोंचे तगादे पुन्हा सुरू होतात आणि व्याज व दंड धरून आकडा पूर्वीच्या जागी येऊन बसतो. दुष्काळात तेरावा महिना ही आपली म्हण त्या माणसाला कोणी समजावून सांगायला नको.

निवड कोणाची?

मग इतके जण तेराव्या प्रकरणात शिरतात कशाला? सगळेच घर वाचवण्यासाठी शिरत नाहीत. याचे एक कारण वकिलाच्या फीमध्ये दडलेले आहे आणि ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

सातव्या प्रकरणातला वकील आपली फी आधी मागतो. त्याला दोष देता येत नाही. कारण अर्ज दाखल झाला की अशिलाची जुनी देणी माफ होतात आणि वकिलाची थकलेली फी हेही जुने देणेच ठरते. दिवाळखोराच्या मालमत्तेतून ती वसूल करण्याची वाटही सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या लॅमी खटल्यात जवळजवळ बंद केली. तेव्हा हजार-दोन हजार डॉलर आधी मोजायचे. दिवाळखोराकडे एकरकमी हजार डॉलर असते, तर तो त्या दारात कशाला आला असता?

तेराव्या प्रकरणात फी जास्त असते, पण ती योजनेच्या हप्त्यांतच बसवता येते. ‘आज एक पैसा देऊ नका’ अशी जाहिरात करता येते ती याच प्रकरणाची. परिणाम असा की, ज्याला सातवे प्रकरण सोयीचे तो केवळ आधी देण्याजोगे पैसे नाहीत म्हणून तेराव्यात जातो. २०१२ साली जीन ब्राउचर, डोव्ह कोहेन आणि रॉबर्ट लॉलेस या अभ्यासकांनी दाखवून दिले की, कृष्णवर्णीय कर्जदार इतरांच्या मानाने तेराव्या प्रकरणाकडे कितीतरी अधिक प्रमाणात वळवले जातात. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०१७ साली टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराची हीच कहाणी विस्ताराने मांडली. तिथे लोक तेराव्यात शिरत, योजना मोडे, पुन्हा शिरत, पुन्हा मोडे.

म्हणजे कायदा ज्याला कर्जदाराची निवड म्हणतो, ती पुष्कळदा त्याच्या खिशाने केलेली निवड असते. योजना डळमळू लागते तेव्हा त्याला कोणीतरी सांगते, ‘अरे, सातव्यात बदलून घे.’ वकिलाकडे जावे, तर बदलाच्या कामासाठी तो वेगळी फी मागण्याची शक्यता असते. मग माणूस ठरवतो, आपणच अर्ज करू.

एक पान, पंचवीस डॉलर

हा अर्ज करणे आश्चर्य वाटावे इतके सोपे आहे. संहितेच्या कलम १३०७ नुसार तेराव्या प्रकरणातला कर्जदार केव्हाही आपले प्रकरण सातव्यात बदलू शकतो. हा हक्क त्याने आधी कोणाला लिहून देऊन सोडला असला, तरी ते लिखाण कायदा मानत नाही. दिवाळखोरीच्या कार्यपद्धतीच्या नियम १०१७ नुसार त्याला न्यायाधीशाच्या आदेशाची गरज नाही. सूचनेचा कागद दाखल झाला की त्याच तारखेला बदल झाला. फी अवघी २५ डॉलर. नव्याने सातव्या प्रकरणाचा अर्ज करायचा तर २०२४ साली ३३८ डॉलर पडत होते.

अनेक न्यायालयांनी या सूचनेचे छापील नमुने ठेवले आहेत. त्यांतले काही मी वाचून पाहिले. नाव, प्रकरणाचा क्रमांक, ‘मी या सूचनेद्वारे बदल करीत आहे’ अशा अर्थाचे एक वाक्य, तारीख, सही. आपल्याकडे रेशनकार्डावरचा पत्ता बदलायलाही याहून जास्त कागद लागतात. खिडकीवरचा कारकून कागद घेतो, शिक्का मारतो. या बदलाने घर राहील की जाईल, असे त्याला विचारले तर तो उत्तर देत नाही. कारण न्यायालयाच्या कर्मचाऱ्यांना कायद्याचा सल्ला देण्याची मनाई आहे. फॉर्म भरून देणारे बिगर-वकील व्यावसायिक तिथे असतात. त्यांनी फक्त टंकलेखन करायचे, सल्ला द्यायचा नाही, असे कलम ११० बजावते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे स्वतःचे संकेतस्थळही, स्वतः अर्ज करण्याचा हक्क आहे पण वकील घ्यावा, असेच सुचवते.

थोडक्यात, दार ढकलले की उघडते. आत काय आहे हे सांगायला दारात कोणी उभे नाही.

दाराआड काय असते

प्रथम चांगली बाजू. बदल योग्य वेळी झाला तर त्याचे फायदे खरे आहेत. समजा, न्यू जर्सीतल्या एका मराठी कुटुंबाने तेराव्या प्रकरणाचा अर्ज केला आणि दोन वर्षांनी एक मोठे आजारपण आले. रुग्णालयाचे हे नवे बिल मूळ अर्जाच्या नंतरचे आहे. तरीही प्रकरण सातव्यात बदलले की दरम्यानच्या काळातली अशी बहुतेक देणी मूळ अर्जाच्या आधीची असल्याप्रमाणे धरली जातात आणि माफीत येतात. मात्र बदलानंतर १४ दिवसांत त्यांची यादी दाखल करावी लागते. मोटारीसारख्या तारण ठेवलेल्या वस्तूंचे काय करणार, हे कळवण्याची मुदत फार तर ३० दिवस. धनकोंची सभा नव्याने होते आणि कर्जदाराला शपथेवर पुन्हा उत्तरे द्यावी लागतात. एका पानाच्या कागदामागून येणारे हे कागद त्या पानावर नेहमीच लिहिलेले असतात असे नाही.

दुसरा फायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली पक्का केला. टेक्सासमधल्या एका कर्जदाराच्या पगारातून ट्रस्टीकडे दरमहा पैसे जात होते. दरम्यान घर गेले, त्याने प्रकरण सातव्यात बदलून घेतले. तेव्हा ट्रस्टीकडे चार हजारांहून अधिक डॉलर न वाटलेले पडून होते. बदलानंतर ट्रस्टीने ते धनकोंना वाटून टाकले. हॅरिस विरुद्ध व्हिगेलान या खटल्यात न्यायालयाने एकमताने सांगितले की, बदलाच्या वेळी ट्रस्टीकडे शिल्लक असलेला हा पगाराचा पैसा कर्जदाराचा आहे, तो त्याला परत दिला पाहिजे. निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांचे होते.

आता दुसरी बाजू. तेराव्या प्रकरणात घर सुरक्षित होते, ते हप्ते चालू होते म्हणून. सातव्यात थकलेले हप्ते सावकाश फेडण्याची सोय नाही. बँक परवानगी घेऊन किंवा प्रकरण संपताच जप्तीकडे वळू शकते. शिवाय घराची किंमत वाढली असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो. वॉशिंग्टन राज्यातल्या एका दांपत्याने २०१९ साली तेराव्या प्रकरणाचा अर्ज केला, तेव्हा त्यांच्या घराची किंमत पाच लाख डॉलर होती. कर्ज आणि कायद्याने संरक्षित हिस्सा वजा जाता धनकोंसाठी काहीच उरत नव्हते. २०२१ च्या सुरुवातीला त्यांनी प्रकरण सातव्यात बदलले. मधल्या काळात घराची किंमत सुमारे दोन लाख डॉलरनी वाढली होती. ही वाढ कोणाची? नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने २०२३ साली बहुमताने सांगितले की ती धनकोंसाठीच्या मालमत्तेत मोडते. म्हणजे ट्रस्टी ती मिळवण्यासाठी घर विकू शकतो. आठव्या परिमंडळाने २०२४ साली हाच सूर लावला. इतरत्र काही न्यायालयांनी याच्या नेमका उलट निर्णय दिला आहे. म्हणजे एकाच कायद्याचे एकच पान. पण तुम्ही कोणत्या राज्यात राहता यावर घर राहणार की जाणार हे ठरते. घराचा संरक्षित हिस्साही राज्यागणिक बदलतो. टेक्सास आणि फ्लोरिडात काही अटींवर राहत्या घराला किमतीची मर्यादाच नाही; इतर अनेक राज्यांत ती बेताची आहे.

तिसरा धोका वरवर तांत्रिक, पण सर्वांत क्रूर. सातव्या प्रकरणात एकदा माफी मिळाली की त्या अर्जापासून आठ वर्षांच्या आत केलेल्या अर्जावर सातव्यात पुन्हा माफी मिळत नाही. तेराव्याला ही मुदत चार वर्षांची आहे. त्यामुळे पूर्वी एकदा सातव्यातून गेलेला माणूस पाच-सहा वर्षांनी तेराव्यात येऊ शकतो. त्याने आता हे प्रकरण सातव्यात बदलले तर? बदलाने मूळ अर्जाची तारीख बदलत नाही. ती आठ वर्षांच्या आतलीच राहते. म्हणजे मालमत्ता ट्रस्टीच्या हाती जाणार आणि देणी मात्र माफ होणार नाहीत. मागे-पुढे न पाहता केलेल्या एका सहीने माणूस दोन्हीकडून बुडतो.

आणि परतीची वाट? तेराव्यातला कर्जदार आपले प्रकरण सहसा केव्हाही मागे घेऊ शकतो. सातव्यातून मागे येण्यासाठी न्यायालयाला सबळ कारण पटवावे लागते. सातव्यातून तेराव्यात जाण्याचा जो हक्क कायद्याने दिला आहे, तो एकदा बदललेल्या प्रकरणाला आपोआप मिळत नाही. तसेही २००७ च्या मारामा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की, लबाडी करणाऱ्या कर्जदाराला हा हक्क मुळातच निरपवाद नाही. आत जाताना दार ढकलले की उघडते. बाहेर येताना मात्र किल्ली दुसऱ्याच्या हाती असते.

पुण्यातला फ्लॅट आणि सासऱ्यांचे पैसे

आपल्या माणसांसाठी इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. हा कायदा नागरिकत्व विचारत नाही. तिथे राहणारा, व्यवसाय किंवा मालमत्ता असणारा कोणीही अर्ज करू शकतो; व्हिसावर गेलेला इंजिनियरही. पण अर्ज करताना जी मालमत्ता लिहून द्यायची ती फक्त अमेरिकेतली नव्हे. संहितेच्या कलम ५४१ चे शब्द असे आहेत की, मालमत्ता कोठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, ती हिशेबात येते. पुण्यातला फ्लॅट, गावाकडच्या शेतातला सातबाऱ्यावरचा हिस्सा, आईबरोबरच्या संयुक्त नावाची मुदतठेव, लॉकरमधले दागिने, सारे.

तेराव्यात या गोष्टी लपल्या असतील तर तो तेव्हाही गुन्हाच. पण सातव्यात ट्रस्टीचे काम आणि त्याचे कमिशन दोन्ही मालमत्ता शोधून ती वाटण्याशी बांधलेले असते. तो खोलात जातो. खोटी शपथ किंवा मालमत्ता दडवणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘भारतातले तिथे कोणाला कळणार?’ असे म्हणणारे नातेवाईक भेटतात. त्यांच्या सल्ल्याची किंमत त्यांना मोजावी लागत नाही.

नातेवाइकांच्या उसनवारीचाही प्रश्न येतो. अडचणीच्या काळात सासऱ्यांनी दिलेले पैसे आपण आधी परत करतो. बँक थांबेल, घरचा माणूस थांबायला लावू नये, ही आपली रीत. तिथला कायदा मात्र जवळच्या नातेवाइकांना मूळ अर्जापूर्वीच्या एका वर्षात केलेली अशी परतफेड पक्षपात मानतो आणि ट्रस्टी ती रक्कम नातेवाइकांकडून मागू शकतो. जे आपल्याकडे सचोटीचे लक्षण, ते तिथे उलटतपासणीचा विषय होते. हे माहीत नसलेला माणूस सभेत शपथेवर बसतो तेव्हा तो चोर नसतो. पण चोरासारखा दिसतो.

ज्यांची मुले तिथे अशा पेचात असतील, त्यांनी चार गोष्टी विचारायला सांगाव्यात. घराची किंमत आज काय आणि आपल्या राज्यात वाढीव किमतीविषयी न्यायालये काय म्हणतात? पूर्वी कधी माफी घेतली आहे का आणि कोणत्या तारखेच्या अर्जावर? बदल न करता योजनेचाच हप्ता कमी करून घेता येईल का? कारण परिस्थिती बदलली तर योजनेत दुरुस्ती मागता येते आणि हाताबाहेरच्या कारणाने हप्ते अशक्य झाले असतील तर काही अटींवर मधेच माफीही मागता येते. आणि चौथे, जवळपास मोफत कायदा-सल्ला केंद्र आहे का? अनेक शहरांत अशी केंद्रे आहेत. काही न्यायालयांतच स्वयंसाहाय्य कक्ष आहेत. सारा खटला चालवायला वकील परवडत नसेल. पण सही करण्यापूर्वी एक तास कोणी जाणकाराने कागद पाहावेत, एवढे तरी जमवावे.

आपल्याकडचा धडा

या साऱ्याचा आपल्याशी संबंध फक्त परदेशी गेलेल्या मुलांपुरता नाही. महाराष्ट्राने हा प्रश्न एकदा फार जवळून पाहिला आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. त्यात शेतकऱ्याच्या नादारीसाठी स्वतंत्र प्रकरण होते; आणि गावपातळीवरच्या व लहान रकमेच्या दाव्यांत वकिलांना उभे राहण्याची मनाई होती. वकील सावकाराला परवडतो, कुणब्याला नाही. तेव्हा दोघांनाही नको, असा तो विचार. पण नुसता वकील काढून तो कायदा थांबला नाही. त्याच्या जागी त्याने समेट घडवणारे मध्यस्थ नेमण्याची तरतूद केली. ती किती यशस्वी झाली, हा इतिहासकारांचा विषय. परंतु वकील नसेल तर त्याच्या जागी कोणीतरी हवे, एवढे त्या कायद्याला उमगले होते.

त्यानंतर मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा आणि इतर मुलखासाठी १९२० चा नादारी कायदा आला. २०१६ च्या नव्या संहितेच्या तिसऱ्या भागात व्यक्तींच्या दिवाळखोरीची तरतूद आहे. तीत अगदी गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची प्रक्रियाही आहे : वार्षिक उत्पन्न ६० हजार रुपयांपर्यंत, मालमत्ता २० हजारांपर्यंत, देणी ३५ हजारांपर्यंत आणि स्वतःचे घर नसावे. पण २०१९ च्या डिसेंबरात हा भाग लागू झाला तो केवळ कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. सामान्य कर्जदारासाठी २०२५ पर्यंत तरी तो कागदावरच होता. मोबाइलवर मिनिटात कर्ज देणाऱ्या कंपन्या गल्लोगल्ली पोचल्या; कर्जातून बाहेर पडण्याचा कायदा मात्र वाटेतच अडून बसला.

तो कधीतरी लागू होईल. तेव्हा अमेरिकेच्या या एका पानाची आठवण आपण ठेवावी. खुद्द अमेरिकेतही ही दोन वाटांची रचना मोडावी असे म्हणणारे आहेत. सिनेटर एलिझाबेथ वॉरेन या राजकारणात येण्यापूर्वी दिवाळखोरी कायद्याच्या नामवंत प्राध्यापिका होत्या. त्यांनी आणि जेरोल्ड नॅडलर यांनी २०२० साली आणि पुन्हा २०२२ साली एक विधेयक मांडले. व्यक्तींसाठी सातवे-तेरावे असा भेद काढून एकच ‘दहावे प्रकरण’ असावे, वकिलाची फी नंतर हप्त्यांनी देता यावी, म्हणजे फीच्या सोयीसाठी कोणी चुकीच्या वाटेला लागणार नाही, असा त्याचा रोख होता. दोन्ही वेळा ते मंजूर न होता बारगळले. रोग मात्र त्यांनी बरोबर ओळखला, असे मला वाटते.

हक्क देणे आणि तो वापरता येणे यांत अंतर असते. पहिल्या गोष्टीला एक कलम पुरते. दुसरीला खिडकीपाशी बसलेला, सल्ला देण्याची मुभा असलेला एक माणूस लागतो. अर्ज सोपा केला, वकिलाची अट काढली, फी पंचवीस डॉलरवर आणली, की न्याय स्वस्त झाला असे सरकारांना वाटते. प्रत्यक्षात स्वस्त होते ती फक्त सही. तिचे परिणाम पूर्वीइतकेच महाग राहतात आणि ते मोजतो तो नेमका असा माणूस, ज्याच्याजवळ मोजायला आता काही उरलेले नसते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपण म्हणतो. कर्जात बुडालेल्याला ही चैन परवडत नाही. त्याला ती पायरी चढावीच लागते. तो एकटा चढणार हे गृहीत धरून पायऱ्या बांधल्या पाहिजेत आणि शेजारी कठडाही बसवला पाहिजे.